‘येतो’चा नियम

शलाकाने माऊसला हात लावलेला ऑफिसात कुणीच पाहिला नव्हता. यावरून तिची भरपूर थट्टा व्हायची. कुणीतरी तिच्या वाढदिवसाला माऊसला हार घालून तिच्या टेबलावर ठेवला होता. ती तेवढ्यापुरती हसली आणि पुन्हा कामाला लागली. हात कळफलकावरून उचलला की लय गेली, असं तिचं म्हणणं.

वाक्य तिचं नव्हतं, तिच्या वडिलांचं होतं. इचलकरंजीत एका माडीवर सुधाकर तारळेकर मास्तरांनी उभी हयात टायपिंगचा क्लास चालवला. खाली यंत्रमागांचा खडखडाट, वर टाइपरायटरांचा. शलाका शाळेत होती तेव्हाच त्यांनी तिच्या बोटांवर रुमाल टाकून तिला शिकवलं होतं. डोळे कागदावर, बोटं आपापल्या घरात. खाली बघितलंस तर पान फाडीन, अशी धमकीही वर होतीच. पान त्यांनी कधी फाडलं नाही, पण शलाकाची नजर काही पुन्हा खाली गेली नाही.

तिची कामांची यादीसुद्धा त्याच वळणाची होती. साध्या मजकुराची एक फाइल, नाव ‘कामं’. रंग नाहीत, चित्रं नाहीत, टणटण वाजणाऱ्या घंटा नाहीत. एका ओळीत एक काम, ओळीआधी आडवी रेघ. कंट्रोल धरून एंटर दाबलं की रेघेच्या जागी फुली यायची आणि ओळ तळाशी ‘झालं’ या मथळ्याखाली जाऊन पडायची. ऑल्ट धरून बाण दाबला की काम वर चढायचं किंवा खाली उतरायचं. चुकून फुली पडली तर त्याच दोन कळा पुन्हा दाबायच्या, ओळ परत वर. दिवसभराचं काम ती असं बोटांच्या टोकांवर फिरवायची. नवरा हर्षद म्हणायचा, बाई संसार चालवत नाही, वाजवते.

त्याच फाइलमुळे तिला ती नोकरी मिळाली. कंपनी ‘टिकली’ बनवायची.

कंपनीने त्या वस्तूला भारदस्त लॅटिन नाव दिलं होतं, लोकांनी आठवड्यातच त्याची टिकली केली. कपाळावर भुवयांच्या मधोमध चिकटवायची, डाळीच्या दाण्याएवढी चकती. बायकांना सवय होतीच. पुरुष मात्र गंध लावल्यासारखे दिसू लागले, आणि जन्मात कधी गंध न लावलेल्यांची त्यात फार पंचाईत झाली.

टिकलीमागचा शोध खरोखर मोठा होता. एखादं काम ‘करीन’ म्हणून मनात धरलं, की मेंदूच्या पुढच्या भागात पेशींचा एक गट ठरावीक तालात धडधडू लागतो. आपण दुसरंच काहीतरी करत असलो तरी मागे तो ताल चालू राहतो. गॅस बंद केला का, कुलूप लावलं का, त्याला फोन करायचा राहिला, ही जी टोचणी असते ना, ती म्हणजे हा ताल. काम झालं की तो विरतो आणि माणसाला हायसं वाटतं. शास्त्रज्ञांना आढळलं, की प्रत्येक कामाचा ताल निराळा असतो, तो नोंदवता येतो आणि कपाळावरून सूक्ष्म ध्वनिलहरी सोडून शांतही करता येतो.

टिकली तुमचा आवाज ओळखायची. तुम्ही तोंडाने काही कबूल केलं की यादीत ओळ घालायची आणि त्या क्षणीचा ताल त्या ओळीला बांधून ठेवायची. काम झाल्यावर तुम्ही फुली मारायची, की टोचणी बंद. ताल पुसला जात नव्हता, फक्त दाबला जायचा. फुली काढली की तो पुन्हा उठायचा. कामं डोक्यात घेऊन अंथरुणावर तळमळणाऱ्यांना झोप लागावी म्हणून हा सगळा खटाटोप होता, आणि झोप लागतही होती. न केलेल्या कामावर फुली मारली तर काय, याबद्दल माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की तसं करू नये.

मराठी माणसांसाठी टिकलीला मराठी शिकवायचं काम शलाकाकडे आलं. तिने टिकली आपल्या ‘कामं’ फाइललाच जोडून घेतली, आणि पहिल्याच महिन्यात तिची स्वतःची यादी तुंबली. ऑफिसातून निघताना ती म्हणायची, “चला, येते.” यादीत ओळ: येते. भाजीवाल्याला “येते”, शेजारणीला “येते”, दंतवैद्याच्या मदतनीस बाईला “येते”. खऱ्या कामांच्या चार ओळी आणि त्यांच्या डोक्यावर हा सगळा निरोपांचा ढीग.

तिने सरळ एक नियम लिहिला. ‘येते’ एवढाच शब्द असलेली ओळ आली, की फाइलने आपणहून तिच्यावर फुली मारावी. निरोपाच्या ‘येते’मागे ताल नसतोच, मग फुली मारून बिघडणार काय? यादी स्वच्छ झाली. शलाकाला स्वच्छ यादीसारखं दुसरं सुख नव्हतं.

त्या दिवाळीत ती इचलकरंजीला गेली.

क्लास बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. आई गेल्यापासून वडील, म्हणजे तात्या, माडीवर एकटेच राहायचे. खालच्या गाळ्यात सुरगोंडाचं झेरॉक्सचं दुकान. तो तात्यांचाच जुना विद्यार्थी, दोन वेळचा डबा वर पोचवायचा आणि मास्तरांची बोलणी खायचा. तात्या दारातून आत येताना चौकटीला खांदा घासून आले, ते शलाकाने पाहिलं. मग चहाचा कप त्यांनी टेबलाच्या कडेवर ठेवला आणि तो खाली पडला.

“तात्या, दिसत नाही काय नीट?”

“दिसतंय की. कडेचं जरा कमी दिसतंय.”

दुसऱ्या दिवशी ती त्यांना मिरजेला घेऊन गेली. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डोळ्यातला दाब थेंबांनी आटोक्यात येत नव्हता. शस्त्रक्रिया करावी लागेल, ती लवकर करावी लागेल. “गेलेली नजर परत येत नाही,” डॉक्टर म्हणाले, “आहे ती वाचवायची. दुखत नाही म्हणून लोक थांबतात आणि आंधळे होतात.” त्यांनी पुढच्या महिन्यातली तारीख दिली.

माडीवर परतल्यावर तात्या म्हणाले, “तू येणार असशील तर मी टेबलावर झोपीन. सुरगोंडा नको, कोण नको. तुझी आई ऑपरेशनला आत होती तवा मी बाहेर चहा प्यायला गेलतो. आलो तर सगळं संपलं होतं. आपलं माणूस दारात पायजे.”

शलाका त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तिने त्यांचा हात धरला. “येतो की तात्या. येतो.”

इचलकरंजीकडच्या मुली घरात अशाच बोलतात. मी आलो, मी जेवलो, मी येतो. पुण्याला कॉलेजात गेल्यावर पोरींनी हसून हसून शलाकाचं ‘येतो’ सोडवलं होतं. बाहेर ती ‘येते’ म्हणायची, एवढ्या वर्षांनी अगदी सहज म्हणायची. पण वडिलांशी बोलायला लागली की जीभ आपोआप जुन्या घरात जाऊन बसायची.

‘की’ आणि ‘तात्या’ गाळून यादीत ओळ आली: येतो. तिच्या नियमाला ‘येते’ ठाऊक होतं, ‘येतो’ ठाऊक नव्हतं. ओळ उघडी राहिली. शलाकाने ऑल्ट धरून तिला सगळ्यांच्या वर नेऊन ठेवलं. पुण्याला परतल्यावर भात कुकरला लावताना, मीटिंगमध्ये बसताना मागे ती टोचणी चालू होती. रजेचा अर्ज भरायचा, गाडी सर्व्हिसिंगला द्यायची. तिला ती टोचणी आवडत होती, हे विशेष.

पुढच्या आठवड्यात अरोरा साहेबांनी तिला बोलावलं. ते मूळचे दिल्लीचे, स्वभावाने भले आणि घाईचे.

“शलाका, हे काय चाललंय? महाराष्ट्रातून तक्रारींचा पाऊस आहे. सगळ्यांच्या याद्या एकाच शब्दाने भरल्यात. तुम्ही लोक जाताना ‘येतो’ म्हणता?”

“जातो म्हणायचं नसतं, सर.”

“का?”

“जातो म्हणजे… कायमचं जाणं. अशुभ वाटतं. म्हणून निघताना येतो म्हणायचं.”

“म्हणजे येणार नसलात तरी?”

“येणार नसलो तरी.”

अरोरा बराच वेळ हसत राहिले. मग म्हणाले, “तुझ्याकडे नियम आहे म्हणे. आज सगळ्यांना देऊन टाक.”

शलाका जागेवर आली. नियम तिने स्वतःपुरता लिहिला होता, बाईच्या तोंडचा. आता पुरुषांसाठीही हवा होता. तिने ‘येते’च्या शेजारी ‘येतो’ लिहिलं. कान्याएवढा फरक. बोटं आपापल्या घरांत होती, नजर पडद्यावर होती, लय कुठेही मोडली नाही. तिने नियम सगळ्यांकडे रवाना केला. इतरांच्या फायलींबरोबर तिचीही फाइल नवी झाली, आणि तिच्या नकळत सगळ्यात वरची ओळ खाली ‘झालं’मध्ये गेली.

दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. शलाकाला एकदम हलकं वाटलं. मोठं काम हातावेगळं झालं की वाटतं तसं. तिने खाली जाऊन कॉफी घेतली, सोबत खारी खाल्ली, आणि किती दिवसांनी इतकं बरं वाटतंय, असं हर्षदला फोन करून सांगितलं.

रजेचा अर्ज भरायचा राहिला. मिरजेची तारीख आली आणि गेली.

तात्यांचा स्वभाव मागण्याचा नव्हता. रविवारी फोन व्हायचा. पाणी येतंय का, सुरगोंडाच्या पोराचं लग्न ठरलं का, असं बोलून झालं की ते थोडं थांबायचे आणि विचारायचे, “मग, येतीस न्हवं?”

“येतो की तात्या.”

ती ते मनापासून म्हणायची. म्हणताना टोचणी पुन्हा जागी व्हायचीसुद्धा. टिकली ऐकायची, ताल नोंदवायची, ओळ घालायची. नियम फुली मारायचा. फोन ठेवून शलाका स्वयंपाकघरापर्यंत पोचेतो ती टोचणी थांबलेली असायची. तात्यांच्या डोळ्यांचं काम झालेलं आहे, असं तिला वाटत नव्हतं. कुणी विचारलं असतं तर अजून व्हायचंय, असंच तिने सांगितलं असतं. पण ते तिला टोचत नव्हतं, आणि जे टोचत नाही ते माणूस करत नाही. आपण सगळे तसेच आहोत. शलाकाचं एवढंच झालं, की तिची टोचणी तिच्याच हुशारीने काढून घेतली.

सुरगोंडाने मधे एकदा फोन केला होता. “ताई, मास्तर जिन्यात हात लावून उतरायलेत. मी म्हणलं मी नेतो मिरजंला, तर माझ्यावरच वरडले. तुम्ही या की.”

“येतो, सुरगोंडा. येतो.”

सुरगोंडाही गावचाच माणूस. त्याच्याशी ती गावचंच बोलली.

उन्हाळा संपता संपता त्याचा पुन्हा फोन आला. शनिवार होता. हर्षद आंबे कापत होता. शलाकाने फोन स्पीकरवर टाकला.

“ताई, मास्तरांना आता काय दिसत नाही,” सुरगोंडा म्हणाला. “दोन्ही डोळ्यांनी. काल मी डॉक्टरला इकडं घरीच आणलो. त्यांनी सांगितलं, आता ऑपरेशनचा उपेग न्हाई.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “तुम्हाला सांगू नको म्हणलेत. मी सांगितलो.”

हर्षदच्या हातातली सुरी थांबली. त्याने शलाकाकडे पाहिलं.

शलाका नीट ऐकत होती. शब्द कळत होते. वडील आंधळे झाले. आता काही होण्यासारखं नाही. पण शब्द आत कुठे अडकत नव्हते. दात काढताना सुई दिलेल्या गालाला बोट लावून बघावं, तसं ती मनाला चाचपून बघत होती. तिथे एक समाधान होतं, आवरून ठेवलेल्या कपाटाचं.

“हर्षद,” ती म्हणाली, “मला रडू येत नाहीये.”

“धक्का बसलाय तुला.”

“नाही. धक्काच बसला नाहीये.”

तिने लॅपटॉप उघडला. शोधायच्या कळा दाबून शब्द लिहिला: येतो. ‘झालं’च्या खाली पिवळ्या ओळी उजळत गेल्या. गेला रविवार, मग त्याच्या आधीचा रविवार, मग सुरगोंडाचा फोन, मग पुन्हा रविवार. प्रत्येक ओळीआधी फुली. सगळ्यांत तळाशी दिवाळीतली ओळ होती. पुण्यात गेल्या कित्येक महिन्यांत ती कुणालाही ‘येतो’ म्हणाली नव्हती. या सगळ्या ओळी एकाच घराच्या होत्या.

काय झालं ते तिला तेव्हा कळलं. तिने हर्षदला सांगितलं. सांगतानाही तिचा आवाज स्थिर होता, आणि त्या स्थिर आवाजाची हर्षदला भीती वाटली.

“मी फुल्या काढणार आहे,” ती म्हणाली.

“कशाला?” हर्षदने तिचं मनगट धरलं. “शलाका, ऐक माझं. तेव्हा उघड्या असत्या तर उपयोग होता. आता ते काम कधीच होणार नाही. ओळ उघडली तर ती उघडीच राहील. जन्मभर टोचेल. तात्यांना त्याने काय मिळणार आहे?”

“काहीच नाही.”

“मग?”

“ते तिकडे अंधारात बसलेत आणि मी इथे खुशीत आहे, हर्षद. हे मला चालायचं नाही.”

त्याने हात सोडला. तिने आधी आपल्या फाइलमधला नियम पुसला, मग तळाशी जाऊन दिवाळीतल्या ओळीवर पट्टी आणली. कंट्रोल, एंटर. मग वरची. मग त्याच्या वरची. बोटांना डोळे लागत नव्हते.

दाबून ठेवलेले सगळे ताल एकदम उठले. ती खुर्चीतून खाली बसली आणि पदार्थ करपल्याचा वास आल्यावर माणूस जसा उठतो तशी पुन्हा उठली, दाराकडे गेली, परत आली, पुन्हा दाराकडे गेली. “तात्यांना न्यायचंय,” ती म्हणत होती, “उद्या तारीख आहे, त्यांना न्यायचंय.” मग ती ओरडून रडली. हर्षदने आंब्याच्या हातांनीच तिला धरलं आणि तोही रडला.

दुसऱ्या दिवशी ती माडीवर पोचली तेव्हा तात्या टाइपरायटरपाशी बसले होते. जिन्यावरची पावलं ऐकून त्यांनी मान वळवली, पण ती थोडी चुकीच्या बाजूला.

“आलीस?”

“आलो, तात्या.”

ती त्यांच्या पायाशी बसली. तिला सगळं सांगायचं होतं. टिकली, नियम, तो काना. तिने सांगितलंही, रडत, मोडकं तोडकं. तात्या ऐकत राहिले. खालच्या मागांचा आवाज फरशीतून वर येत होता.

“म्हंजे तू येतो म्हणत होतीस,” ते शेवटी म्हणाले, “आणि ते यंत्र त्याला राम राम समजत होतं.”

“हो. माझ्यामुळं. नियम मीच लिहिला.”

“मला वाटलं, तूच राम राम म्हणून म्हणायलीस.” ते सावकाश बोलत होते. “दर रविवारी वाटायचं, पोरगी बोलाय म्हणून बोलायली. पर परत फोन आला की वाटायचं, न्हाई, येईल.”

शलाकाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्यात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

थोड्या वेळाने त्यांनी यंत्रातला कागद ओढून तिच्याकडे धरला. “हे बघ जरा. हात मोडू नये म्हणून रोज एक पान मारतो. बरोबर आलंय न्हवं?”

तिने पाहिलं. पानभर अक्षरं होती, ओळी सरळ होत्या, समास नीट सोडलेला होता. एकही शब्द लागत नव्हता. बोटं सुरुवातीलाच एका घराने सरकून बसली होती आणि तिथून पुढे सगळं पान त्या चुकीत इमानदारीने उमटलं होतं. हो, बरोबर आहे, असं म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं.

“एक घर सरकलंय, तात्या.”

“पयल्यापासनं?”

“पहिल्यापासून.”

“म्हंजे एवढे दिवस…” त्यांनी शेजारच्या कागदांच्या थप्पीवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग म्हणाले, “सुरगोंडा बघत होता की. बोलला न्हाई बघ.”

तिने त्यांची बोटं धरून एकेक कळेवर बसवली. त्यांनी तिची बसवली होती तशी.

ती चार दिवस राहिली. पुण्याला चला, असं तिने परोपरीने विनवलं. ते नाही म्हणाले. या माडीवर कुठं काय आहे ते हाताला माहीत आहे, तिकडं मला भिंतीसुद्धा नव्या. मग मीच इथे राहतो, असं ती म्हणाली. त्यालाही ते नाही म्हणाले. “डोळ्यांसाठी ये म्हणत होतो. आता राहून काय बघणार?”

निघायच्या दिवशी तिने बॅग उचलली. तात्या दारापर्यंत हात भिंतीला लावत आले. तिने वाकून नमस्कार केला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो खाली सरकत कपाळावर आला, आणि बोटांना टिकली लागली.

“अजून लावतीस?”

“काढली तर दिलेला शब्द यादीत उतरणार नाही, तात्या. काढणार नाही.”

त्यांनी हात काढून घेतला. ती चौकटीत उभी राहिली. जीभ सवयीने टाळूला लागली, शब्द अर्धा बाहेर आला.

“ये…”

“नको,” तात्या म्हणाले. आवाज कडक नव्हता, थकलेला होता. “ते म्हणू नको आता. मी परत वाट बघत बसीन. जातो म्हण.”

“तात्या, असं नसतं म्हणायचं.”

“म्हण. तेवढं तरी खरं असू दे.”

खाली माग चालू होते. सुरगोंडा जिन्याच्या तळाशी गाडीचं दार उघडून उभा होता. शलाकाने जिन्याचा कठडा धरला.

“जातो, तात्या.”

त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

गाव मागे पडल्यावर तिने गाडी कडेला घेतली आणि लॅपटॉप मांडीवर उघडला. रविवारच्या उघड्या ओळींच्या वर एक नवी ओळ आली होती. जातो. टिकलीच्या सगळ्या कारकिर्दीत हा शब्द कुठल्याच माणसाने निघताना म्हटल्याची नोंद नव्हती, म्हणून त्याच्यासाठी कुणी नियम लिहिला नव्हता. बोटं आपापल्या घरांत जाऊन बसली होती. कंट्रोलवर एक, एंटरवर एक. दाबलं की हे जाणंही ‘झालं’मध्ये जमा. तिने ती उचलून घेतली, आणि उघड्या ओळीसकट फाइल बंद केली.